प्रोटीनची कॉफी आणि आबांची टकटक

४ फेब्रुवारी

ही वही नवऱ्याने दिली. तो कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि कोरी वही नुसती पडून राहिलेली त्याला बघवत नाही. "दुकानात काय काय घडतं ते लिहीत जा," म्हणाला. आमच्या कॉफीच्या दुकानात गेल्या कित्येक वर्षांत काही घडलेलं नाही, हीच तर आमची अडचण. आज मात्र घडलं.

आमच्या डोक्यावर, म्हणजे पहिल्या मजल्यावर, सोफ्यांचं दुकान होतं तिथे जिम सुरू झाली. सकाळपासून छतावर धाडधाड. फळीवरचे कप किणकिणत होते. मग जिमचा मालक खाली आला. खांदे असे की दारातून आडवं होऊन आत यावं लागलं, आणि आवाज मात्र बारीक. मी मनातल्या मनात त्याचं नाव पैलवान ठेवून टाकलं. त्याने कॉफी मागितली, पिशवीतून डबा काढला, दोन चमचे पांढरी पूड कपात टाकली आणि ढवळायला लागला. कपात काहीतरी फाटून वर आलं. ते त्याने चमच्याने खाल्लं.

"मॅडम, माझी सगळी माणसं प्रोटीन घेतात आणि सगळ्यांना कॉफी लागते," तो म्हणाला. "दोन्ही एका कपात देणारं कुणी भेटलं, तर मला वरती वेगळा काउंटर टाकायला नको."

म्हणजे जमलं तर जिमची सगळी गर्दी खाली आमच्याकडे, आणि नाही जमलं तर आमच्याच डोक्यावर दुसरं कॉफीचं दुकान. चौकातल्या मोठ्या दुकानाने आमचं निम्मं गिऱ्हाईक आधीच ओढलंय. आणखी एक धक्का आम्हाला झेपणार नाही.

मी आबांकडे बघितलं. आबा म्हणजे माझे वडील. दुकान त्यांचं, मी नुसती राबते. आमच्याकडे एक नियम आहे, माझ्या जन्माआधीपासूनचा. पाटीवर नवीन काही चढवायचं तर पहिला घोट आबांचा. पसंत पडलं तर ते चमच्याने कपावर दोनदा टकटक करतात. नाही पडलं तर कप बशीत पालथा. माझ्या लहानपणी बहुतेक कप पालथेच पडायचे. एका व्यापाऱ्याने मोठ्या कौतुकाने नव्या बिया आणल्या होत्या, त्याच्या देखत आबांनी कप पालथा घातला, तर तो माणूस पुन्हा या रस्त्याने गेला नाही.

"करून बघू की," आबा पैलवानाला म्हणाले. मला वाटलं होतं, ते त्याला डब्यासकट बाहेर काढतील. हिवाळ्यात मोठा ताप येऊन गेल्यापासून आबा फार मवाळ झालेत. बरंच झालं म्हणायचं.

६ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. गरम कॉफीत प्रोटीन पूड टाकली की ती चक्क शिजते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुठळ्याच गुठळ्या. मग मी जास्तीची हुशारी केली. पूड दुधात टाकली आणि वाफेच्या नळीने फेटायला घेतली. नळी तुंबली. मी वाफ थोडी वाढवली, आणखी थोडी वाढवली, आणि मग नळी एकदम मोकळी झाली. भिंत, पाटी, मी, सगळं एका रंगाचं झालं. नवरा नेमका तेव्हाच डबा न्यायला आला होता. तो काही बोलला नाही, फडकं घेऊन आला. त्याचं न बोलणं मला जास्त लागतं.

आबांनी शांतपणे घोट घेतला. चावला. "गुठळ्या आहेत," म्हणाले. एवढंच. पूर्वीचे आबा असते तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, आणि त्या त्यांच्याही पिढ्या आहेत हे त्यांच्या लक्षात आलं नसतं.

१० फेब्रुवारी

जमलं. पूड आधी गार दुधात सैल करून घ्यायची, कॉफी जरा निवू द्यायची आणि मग बारीक धारेने ओतत ढवळत राहायचं. गुठळी नाही, चोथा नाही.

मी चाखून बघितली. ओल्या पुठ्ठ्याला व्हॅनिला लावल्यासारखी लागली. आबांनी घोट घेतला, जीभ टाळ्यावर फिरवली आणि टकटक केलं. दोनदा, स्वच्छ.

"आता मऊ झाली. एक कण लागत नाही."

मी पुन्हा चाखली. पुठ्ठाच. पण आबांची जीभ ती. कुठल्या डोंगराच्या कुठल्या अंगाला बी पिकलंय हे घोटावरून सांगणारा माणूस. चूक माझ्याच तोंडात असणार. दिवसभर उभ्या उभ्या कसली कसली कॉफी चाखून माझी जीभ थकली असेल. मी पाटीवर लिहून टाकलं: पैलवान कॉफी.

१३ फेब्रुवारी

आमचे जुने गिऱ्हाईक, शेजारचे दातांचे डॉक्टर, यांनी आज पैलवान कॉफी घेतली. पहिला घोट घेऊन बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. "कशी आहे?" मी विचारलं. "पौष्टिक आहे," म्हणाले. मग मी आत गेले, बाहेर आले तर कप रिकामा. तोंडाने कितीही आढेवेढे घेतले तरी संपवली की नाही.

जिमची माणसंही पितात. पैलवान स्वतः रोज पितो, डोळे मिटून, एका दमात. याला म्हणतात निष्ठा.

दाराजवळच्या कुंडीतलं झाड या दिवसांत जरा सुकल्यासारखं दिसतंय. कुणाच्या तरी सिगारेटचा धूर लागत असेल.

दुपारी मागे दूध उतू जाऊन करपलं. मी बाहेर पाटी पुसत होते, मला रस्त्यावर वास आला. आत धावले तर आबा शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होते. "अहो आबा, दूध," म्हटलं, तेव्हा कुठे उठले. पेपरात डोकं घातलं की या माणसाला जगाचं भान राहत नाही.

१६ फेब्रुवारी

बिया भाजताना आबांनी नवीनच तऱ्हा काढली आहे. पूर्वी पळीभर बिया काढून नाकाशी धरायचे. आता भट्टीला कान लावून बसतात आणि तडतड ऐकतात. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "वासावर काय, कुणीही भाजेल." या वयात माणूस नवीन शिकतोय याचं मला कौतुक वाटलं. बिया हल्ली जरा काळ्या उतरतात, पण शिकताना तेवढं व्हायचंच.

१८ फेब्रुवारी

आता कोलाजेन. ही पूड कातडी तुकतुकीत ठेवते असं जिमच्या बायकांचं म्हणणं आहे. खरं-खोटं पूड जाणे. गरम कॉफीत झकास विरघळते, त्याबद्दल तक्रार नाही. पण वास. पावसात भिजलेली लोकरीची टोपी कोपऱ्यात राहून जावी तसा वास. मी श्वास रोखून ढवळली.

आबांनी कप नाकाखाली धरला, जरा वेळ धरून ठेवला, मग घोट घेतला. "घशातून सरळ उतरते," म्हणाले आणि टकटक. मी थक्क झाले. एवढ्या वासातून पलीकडचं काहीतरी त्यांना सापडतं, ते मला सापडत नाही. मोठी माणसं मोठी असतात ती अशी.

रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, "आबांनी खरंच पसंत केली?"

"दोनदा टकटक केलं."

"तू त्यांना एकदा नीट विचार ना."

"काय विचारू?"

तो भात कालवत राहिला. "काही नाही," म्हणाला. या माणसाला कॉफीतलं काही कळत नाही. तो चहा पितो.

२१ फेब्रुवारी

नवऱ्याने आज सुट्टी घेऊन माझं दुकान लावलं. पुड्यांचे ते भडक डबे त्याच्या डोळ्यांना खुपत होते. एकसारख्या काचेच्या बरण्या आणल्या, सगळं त्यांत भरलं, प्रत्येकीवर सुंदर अक्षरात चिठ्ठी चिकटवली आणि सगळं अकारविल्हे मांडलं. साखरसुद्धा. यंत्र साफ करायचं लिंबूसत्वसुद्धा. फळी अशी देखणी दिसते की हात लावायला नको वाटतं.

फळी वाफेच्या नळीच्या अगदी वर आहे. संध्याकाळपर्यंत दोन चिठ्ठ्या सुटून खाली पडल्या. मी त्या अंदाजाने परत चिकटवल्या.

२३ फेब्रुवारी

पैलवान मोठी बातमी घेऊन आला. रविवारी त्याच्या जिमची सगळी मंडळी आमच्याकडे येणार आणि त्याचा भागीदारही येणार. वर काउंटर टाकायचा की नाही, हे तो भागीदार ठरवणार. "काकांनी सगळ्यांसमोर टकटक करायची," पैलवान म्हणाला. "मी सांगून ठेवलंय, काकांनी पास केल्याशिवाय इथे पाटीवर काही चढत नाही."

आबा लाजल्यासारखे हसले. दिवसभर शीळ घालत होते. ताप उतरल्यापासून त्यांना इतकं खुशीत बघितलं नव्हतं. आपला मान अजून आहे, हे माणसाला कळावं लागतं, त्याशिवाय औषधं काय कामाची.

२४ फेब्रुवारी



रविवारसाठी काळ्या कॉफीत क्रिएटिन घालायचं होतं. ही पूड ताकदीसाठी घेतात म्हणे, आणि तिला चव अशी जवळजवळ नसतेच. बरणी काढली, चमचाभर टाकली, ढवळली. विरघळली. आबांसमोर कप ठेवला. त्यांनी मोठा घोट घेतला, मग दुसरा. जरा थांबले.

"रेव नाही. एकदम स्वच्छ," म्हणाले. टकटक.

मी खुशीत कप उचलला आणि उरलेली तोंडाला लावली. दातांपासून कानांपर्यंत आंबट कळ गेली. डोळ्यांतून पाणी आलं. ते लिंबूसत्व होतं. यंत्राचा क्षार काढायचं. पोटाला अपाय नाही त्याने, पण ते तोंडात धरणं कुणालाही शक्य नाही. कुणालाही.

मी आबांकडे पाठ करून उभी राहिले आणि उरलेली कॉफी मोरीत ओतली. "जमली ना?" आबांनी मागून विचारलं. मी म्हटलं, "हो. जमली."

२५ फेब्रुवारी

आता सगळं समोर दिसतंय आणि माझी मला लाज वाटते. गुठळ्या आहेत, मऊ आहे, घशातून उतरते, रेव नाही. इतक्या दिवसांत त्यांनी चवीचा एक शब्द काढला नाही आणि मी त्यांच्या शहाणपणाचे गोडवे गात बसले. करपलेलं दूध. भट्टीला लावलेला कान. त्या तापाने त्यांचं नाक नेलं आणि नाकामागोमाग जीभही गेली. सबंध हिवाळा ते एकटेच हे घेऊन बसलेत.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. परवा त्यांच्या वरणात मीठ नव्हतं. ते म्हणाले, छान झालंय."

"मग बोलला का नाहीस?"

"ते त्यांनी सांगायचं होतं."

दातांच्या डॉक्टरांकडे गेले, दुसरं कुणाला विचारायचं सुचेना. ते म्हणाले, तापानंतर असं होतं काही जणांना. कधी परत येतं, कधी नाही. नाकाच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका. मग चष्मा पुसत म्हणाले, "आबा काल संध्याकाळी येऊन गेले माझ्याकडे. दात आंबलेत म्हणाले. मी विचारलं, लिंबू खाल्लंत का? तर म्हणाले, ते तुम्हीच बघून सांगा."

चव कळली नव्हती, पण दातांना कळलं होतं. आणि उरलेला कप मी तोंडाला लावला आणि तरी "जमली" म्हटलं, हे त्यांनी बघितलं होतं.

"आणखी एक सांगायचंय," डॉक्टर म्हणाले. "ती पौष्टिक कॉफी मी कुंडीत ओततो. माझ्या आधी दोघेजण ओतत होते, त्यांचं बघून शिकलो."

उद्या रविवार. आबांना सांगावं तर सगळ्यांसमोर चमचा धरायची त्यांची हिंमत जाईल. न सांगावं तर ते टकटक करतील, लोक पितील, आणि आबांच्या जिभेचं हसं होईल. सोमवारी वरती काउंटर होईल तो होईलच. मला आज काउंटरचं एवढं वाटत नाही. आबांकडून हा चमचा कुणी काढून घेऊ नये, एवढंच वाटतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

दुकान तुडुंब. रंगीबेरंगी घट्ट कपड्यांतली माणसं, आणि सगळ्यांच्या मधोमध हाताची घडी घातलेला भागीदार, चेहऱ्यावरची माशी न हलू देता. पैलवान त्याला बारीक आवाजात नियम समजावून सांगत होता. मी पैलवान कॉफी केली, अगदी नियमाने, बारीक धारेने, आणि आबांसमोर ठेवली.

आबांनी चमचा उचलला. कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कप बशीसकट माझ्याकडे सरकवला.

"आधी तू घे, ठकू."

उभ्या आयुष्यात पहिला घोट मला कधी मिळाला नव्हता. मी म्हटलं, "आबा, नियम आहे."

"नियम मीच केलाय. घे आणि काय लागतं ते सांग. खरं सांग."

सगळे बघत होते. छान आहे म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. मी घोट घेतला.

"ओला पुठ्ठा," मी म्हटलं. "व्हॅनिला लावलेला."

पैलवानाने एवढा मोठा सुस्कारा सोडला की काउंटरवरचे कागद उडाले. "मॅडम, मला वाटायचं माझंच तोंड बिघडलंय. तुम्ही एवढ्या प्रेमाने करता म्हणून मी रोज संपवत होतो." मागून कुणीतरी म्हणालं, "आम्ही झाडाला पाजत होतो." मग सगळेच हसायला लागले. भागीदाराच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

आबांनी कप परत ओढून घेतला, घोट घेतला, जिभेवर फिरवला. "दाटपणा बरोबर आहे, तो सोडू नकोस. चवीचं तू बघ. मला ती हिवाळ्यापासून कळत नाही." हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, साखर संपली म्हणून सांगावं तितक्या सहज. मी खाली वाकून बरण्या शोधायला लागले, कारण मला वर बघता येईना.

मग आम्ही दोघांनी तिथेच उभं राहून नव्याने कॉफी केली. पूड निम्मी, केळं, बर्फ आणि वरून कडक कॉफी. मी म्हटलं, अजून पुठ्ठा आहे. पूड आणखी कमी केली. आबा म्हणाले, आता पातळ झाली. केळं वाढवलं. असं बऱ्याचदा झालं. शेवटी मी म्हटलं, "आता कॉफी लागतेय." आबा म्हणाले, "आता दाट लागतेय." ती भागीदाराला दिली. त्याने संपवली, मी कुंडीवर नजर ठेवून होते. "महिनाभर बघू," म्हणाला. "तोपर्यंत काउंटर थांबवतो." कोलाजेनची बरणी जिमच्या बायकांनी स्वतःच वर नेली.

सगळे गेल्यावर आबा नेहमीच्या स्टुलावर बसले. "साधी कॉफी कर. दोन कप."

केली. दोघांनी कप उचलले.

"सांग," आबा म्हणाले.

"काय?"

"कशी लागतेय ते."

"उत्तम आहे."

"थापा नको. या दुकानात थापा मारणारा एक पुरे."

मग मी डोळे मिटले आणि त्यांनी लहानपणी शिकवलं होतं तसं सांगत गेले. आधी जिभेच्या कडांना कडू. मग भाजलेल्या बदामाच्या सालीसारखं काहीतरी. गिळल्यावर मागे किंचित गोड, साखर जेमतेम करपली की येतं तसं. ते माझ्या बरोबरीने घोट घेत होते, मी कडू म्हटलं की थांबत होते, मी गोड म्हटलं की हलकेच मान हलवत होते.

"आणि आबा, जास्त भाजली गेलीये."

"किती?"

"बरीच. हिवाळ्यापासून."

मी म्हटलं, उद्या आपण नाकाच्या डॉक्टरांकडे जाऊ. आणि आल्यावर बिया दोघं मिळून भाजू, मी वास घेते, तुम्ही तडतड ऐका. त्यांनी चमचा उचलला, हात लांब केला आणि माझ्या कपावर दोनदा टकटक केलं.